आकडा नसलेलं वाक्य

"कुलथे मॅडम, 'माझी आई, चुलीपुढे' हा कुठला संदर्भग्रंथ आहे?"

व्यवहारे सरांनी हे इतक्या शांतपणे विचारलं की स्टाफरूममधल्या दोघातिघांनी हातातले पेपर खाली ठेवले. व्यवहारे सर आमचे समाजशास्त्राचे विभागप्रमुख. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. राग आला की ते हळू बोलायचे, आणि फारच आला की समोरच्याला 'आपण' म्हणायचे.

"कुठे आहे सर?" मी विचारलं.

"पान चार, तळटीप. आणि ही पुढची ऐका. 'चुलते नामदेव गव्हाणे. तोंडी. रागात.'" त्यांनी पान उलटलं. "'शेजारच्या काकू. नाव देऊ नको म्हणाल्या म्हणून दिलेले नाही, पण वाक्य त्यांचेच आहे.' आणि हे, 'टेलर अंकुश माने. ब्लाउजचे माप घेता घेता.'"

कोपऱ्यात बसलेल्या इतिहासाच्या सरांना ठसका लागला.

"मॅडम," व्यवहारे सर म्हणाले, "आपण या मुलीच्या मार्गदर्शक आहात. ही थट्टा ती आपली करते आहे की विभागाची?"

'आपण' ऐकल्यावर मी उठले आणि प्रोजेक्टची फाइल त्यांच्या हातातून घेतली. वर नाव होतं, द्वारका हरिभाऊ गव्हाणे, टी.वाय.बी.ए. विषय, 'आमच्या गावात भांडणे कशी मिटतात'.

पानाच्या वरच्या अर्ध्या भागात मजकूर होता आणि खालच्या अर्ध्या भागात तळटीपा. काही पानांवर तर मजकूर दोन ओळींचा आणि बाकी सगळी माणसंच माणसं.

"मी बोलते तिच्याशी," मी म्हणाले.

"बोला. मी हे तोंडी परीक्षेला जाऊ देणार नाही. सगळ्या तळटीपा काढून, नीट करून आणायला सांगा. सगळ्या," ते म्हणाले आणि 'सगळ्या' या शब्दावर जरा जास्तच थांबले. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

बोरखेडच्या त्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर होते. म्हणजे तासापुरती नोकरी आणि दर जूनमध्ये नवी ऑर्डर. ती ऑर्डर व्यवहारे सरांच्या शिफारशीवर निघायची. त्यामुळे सर 'बसा' म्हणाले की मी बसत असे, आणि 'सगळ्या काढा' म्हणाले की सगळ्या काढायला निघत असे.

द्वारका मला लायब्ररीत सापडली. हिवऱ्याहून एसटीने येणारी, उंच, दोन वेण्या घालणारी मुलगी. तास संपल्याची घंटा झाली आणि सगळी पोरं दाराकडे धावली की हिचा हात वर व्हायचा. एरवी मला ती आवडायची. एसटी चुकायची वेळ झाली की कमी आवडायची.

"द्वारका, हे काय केलंयस?"

"कुठं चुकलं मॅडम?"

"चुकलं नाही, जास्त झालंय. हे बघ. 'पावसाळ्यात बांध फुटतात.' याला तळटीप कशाला? जगाला माहीत असलेल्या गोष्टीला संदर्भ लागत नाही."

"जगाला कधीपासून माहीत आहे ते मला काय माहीत मॅडम? मला शांताबाई माळ्यांनी सांगितलं."

"आणि इथे 'संघर्ष-निवारण' या एका शब्दाला?"

मी तळटीप वाचली. 'हा शब्द कुलथे मॅडमचा आहे. गावात याला मिटवामिटवी म्हणतात.'

मला हसू आलं. ते दाबावं लागलं, कारण लायब्ररीयन बघत होते आणि द्वारका अजिबात हसत नव्हती.

"तुम्हीच सांगितलं होतं ना," ती म्हणाली, "दुसऱ्याचं वाक्य, दुसऱ्याचा विचार, दुसऱ्याचा शब्दसुद्धा. ज्याचा त्याला द्यायचा."

सांगितलं होतं खरं. त्या वर्षी मी वाङ्मयचौर्यावर एक कार्यशाळा करून आले होते आणि आल्या आल्या टी.वाय.च्या वर्गावर ती सगळी ओतली होती. कॉपीराइट म्हणजे काय, त्याची मुदत किती, परवानगी कधी मागायची. मग फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की मुदत संपलेल्या पुस्तकातला उतारा छापायला कुणाला विचारावं लागत नाही, पण तोच उतारा स्वतःचा म्हणून खपवला तर ती चोरीच. कायदा एक आणि प्रामाणिकपणा वेगळा, असं काहीतरी मी फार जोरात म्हणाले होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा घाबरून सरळ बसला होता.

घाबरायला कारणही होतं. आदल्या वर्षी एका मुलाने कुणाचा तरी जुना प्रोजेक्ट जसाच्या तसा उतरवला होता. ऋणनिर्देशाचं पानही त्याने सोडलं नव्हतं, त्यामुळे होस्टेलवर राहणाऱ्या त्या मिशाळ पोराने 'संसार सांभाळून शिकू देणाऱ्या माझ्या पतींचे' आभार मानले होते. कॉलेजभर हसं झालं. मग प्राचार्यांनी समिती नेमली, व्यवहारे सर तिचे अध्यक्ष झाले आणि वाङ्मयचौर्याविरुद्ध दहा कलमांचं परिपत्रक प्रत्येक वर्गाच्या दारावर लागलं.

"मॅडम, माझा प्रोजेक्ट परत आला का?" द्वारकाने विचारलं. आवाज बदलला होता.

"आला नाही. पण..."

"परत आला तर निकाल राहील. निकाल राहिला तर एम.एस.डब्ल्यू.चा प्रवेश जाईल. प्रवेश गेला की पाहुणे येतील."

"कसले पाहुणे?"

"बघायला," ती म्हणाली. "मामा घेऊन बसलाय एकाला. माझ्या दादांनी सांगितलंय, शिकत असली तर शिकू दे, घरी बसली तर उजवू. म्हणून मी एकपण वाक्य चोरीचं ठेवलं नाही."

मी फाइल घेऊन घरी आले. घरी म्हणजे सासरी. नवरा विद्युत मंडळात, तो फिरतीवर. सासूबाईंनी शेंगा फोडायला घेतल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसून पहिल्या पानापासून वाचायला लागले.

आधी वाटलं, लाल पेनने खालच्या टीपा कापत जाऊ. पण दोन पानांतच पेन बाजूला राहिलं. हिवऱ्यात बांधावरून भांडण झालं होतं, नळावरून झालं होतं, एका कोंबडीवरून झालं होतं. कोंबडी एका घरची आणि अंडी घालायची दुसऱ्याच्या गोठ्यात. मजकुरात द्वारकाने एवढंच लिहिलं होतं की हे भांडण समजुतीने मिटले. खाली तळटीपेत कोंबडीच्या मालकाचं म्हणणं, 'मी मोठ्या मनाने सोडून दिले.' त्याच्याखाली मालकिणीचं, 'कोंबडी विकली. दुसरे काय करणार.' त्याखाली अंडी खाणाऱ्या शेजाऱ्याचं, 'कसली कोंबडी?'

मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या शेंगा फोडता फोडता थांबल्या आणि म्हणाल्या, "ती मालकीण कोण गं?"

"तळटीप आहे ना. यमुनाबाई."

"पुढे वाच."

पुढे वाचताना मला प्रस्तावनेतली ती टीप दिसली. इतर टीपा एकेक ओळीच्या होत्या. ही पान खाऊन बसली होती. द्वारकाने प्रस्तावनेत लिहिलं होतं की 'प्रत्येक नोंद विद्यार्थ्याने स्वतः प्रत्यक्ष पाहून केलेली असावी', आणि त्यावर आकडा टाकून खाली असं होतं:

'हे वाक्य आपल्या महाविद्यालयाच्या परिपत्रकातील कलम सातमधून घेतले आहे. परिपत्रकाखाली सह्या होत्या, पण लेखकाचे नाव नव्हते म्हणून शोध घेतला. हेच परिपत्रक शब्दशः एका पशुवैद्यक महाविद्यालयाच्या वेबसाइटवर आधीपासून आहे. त्यामुळे मूळ लेखक कोण ते कळले नाही. कलम सातमधील "गोठ्यातील जनावरांच्या नोंदी" आपल्या कॉलेजला कशा लागू होतात तेही कळले नाही. दोन्ही महाविद्यालयांची आभारी आहे.'

मी ते दोनदा वाचलं. आमच्या वर्गाच्या दारावर ते परिपत्रक गेले कित्येक महिने चिकटवलेलं होतं. त्याखाली उभं राहून मी रोज हजेरी घेत होते. मी ते वाचलेलं नव्हतं. प्राचार्यांनी सही केली होती, त्यांनीही वाचलेलं नसणार. आमच्या कला शाखेच्या कॉलेजात गोठा आहे याचा कुणालाच पत्ता नव्हता.

आणि ते लिहिलं होतं व्यवहारे सरांनी. म्हणजे उतरवलं होतं. 'सगळ्या तळटीपा काढा' म्हणजे कुठली, ते मला शेंगांच्या त्या ढिगाशेजारी बसून कळलं.

"का गं, काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. जूनमधली ऑर्डर आठवली."

दुसऱ्या दिवशी मी द्वारकाला व्हरांड्यात गाठलं. बाकीच्या टीपांबद्दल मी काही बोलले नाही. म्हणाले, "ती प्रस्तावनेतली एक तेवढी काढ."

"काढते मॅडम. मग कलम सात मी कुणाचं म्हणून लिहू?"

"कॉलेजचं लिही."

"ते कॉलेजचं नाही ना पण."

"मग ते वाक्यच काढ."

ती विचारात पडली. द्वारका विचारात पडली की वेणीचं टोक दाताखाली धरायची. "काढलं तर तुम्हाला बरं पडेल का मॅडम?"

तिने माझ्याकडे पाहिलं, वेणी सोडली आणि म्हणाली, "बघते."

मग मी व्यवहारे सरांकडे गेले. सांगितलं की मुलगी दुरुस्ती करते आहे, पण तळटीपा ठेवू द्या, त्या खऱ्या आहेत, तिने माणसं भेटून केलेलं काम आहे. सर बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. बाहेरचे परीक्षक ठरलेले होते, तारीख ठरली होती, एक प्रोजेक्ट रोखला तर प्राचार्य कारण विचारणार आणि फाइल मागवणार. हे त्यांच्याही डोक्यात आलं असावं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "येऊ दे. पण तिला मी तिथे विचारणार आहे."

तोंडी परीक्षेच्या दिवशी द्वारका नवी फाइल घेऊन आली. मी घाईने प्रस्तावनेचं पान उघडलं. टीप होती तिथेच होती.

"द्वारका."

"काढणार होते मॅडम. देवाशप्पथ. पण ती एक काढली की पुढचे सगळे आकडे बदलायचे. टायपिंगवाल्यानं हातानं टाकलेत ते. तो म्हणाला, एवढे आकडे बदलण्यापेक्षा तू दुसरा टायपिंगवाला बघ."

आत तिचं नाव पुकारलं गेलं.

बाहेरून आलेले परीक्षक मुजावर सर होते, जिल्ह्याच्या कॉलेजातले. निवृत्तीला आलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. चष्मा पुसायला लागले की समोरच्या विद्यार्थ्याला वाटायचं, आता सर झोपणार. तसे ते झोपायचे नाहीत. ते त्या वेळात वाचलेलं परत मनात वाचत असत, असं मला नंतर त्यांनीच सांगितलं.

व्यवहारे सरांनी सुरुवात केली. "गव्हाणे, हा प्रोजेक्ट तू लिहिलास?"

"हो सर."

"इथे प्रत्येक वाक्याला आकडा आहे. आई, चुलते, काकू, टेलर. म्हणजे हे सगळं दुसऱ्यांचं. बरोबर?"

"बरोबर सर."

"मग यात तुझं काय आहे?"

मला तो प्रश्न लागला. कारण तो वाईट नव्हता. तो मीच वर्गात विचारत असे. पण तो विचारताना सरांचा आवाज फारच हळू झाला होता.

द्वारकाने मान खाली घातली. मला वाटलं, आता रडते की काय. ती पानं मोजत होती.

"एक वाक्य आहे सर."

"किती?"

"एक. शेवटून दुसऱ्या पानावर. त्याला आकडा नाही."

मुजावर सरांनी पान उघडलं. चष्मा वर केला, खाली केला आणि वाचलं. "'गावात भांडण मिटले असे सगळे म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा ते कुठल्या तरी बाईने गिळलेले असते.'"

व्यवहारे सर खुर्चीत पुढे सरकले.

"हे कुठून घेतलंस?" व्यवहारे सरांनी विचारलं.

"कुठून नाही सर."

"कुणी सांगितलं?"

"असं कुणीच सांगितलं नाही. सगळे वेगवेगळं सांगत होते. सगळ्यांचं लिहून झाल्यावर मला तसं दिसलं."

"असं वाक्य टी.वाय.च्या मुलीचं नसतं. कुठेतरी असणारच." ते उठले आणि शेजारच्या टेबलावरच्या संगणकाशी जाऊन बसले. ते वाक्य त्यांनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं. आमच्या कॉलेजच्या इंटरनेटला मूड यायला वेळ लागायचा. चक्र फिरत राहिलं. आम्ही चौघं त्या चक्राकडे बघत बसलो. द्वारकाचा श्वास मला ऐकू येत होता. सर जे शोधत होते ते सापडू नये, असं मला किती मनापासून वाटत होतं.

शेवटी पडदा भरला. मुजावर सरांनी वाकून वाचलं.

"'गिळायला त्रास होतो? घसा दुखतो? आजच भेटा.'" ते म्हणाले. "हा आमच्या स्टँडजवळचा डॉक्टर आहे. बरा आहे."

खाली आणखी घशाचे डॉक्टर होते, मग गोळ्या होत्या. ते वाक्य कुठेच नव्हतं.

"सर, ते मिळणार नाही," मुजावर सर म्हणाले. "ते तिचं आहे." मग ते पुन्हा फाइलकडे वळले. "मुली, हा बांधाचा तंटा. दोन भाऊ. मोठा म्हणतो, देवळात बसून मिटलं. धाकटा म्हणतो, पंच बसले. आणि ही खालची टीप, धाकट्याची बायको. 'आता मी विहिरीला वळसा घालून जाते.' हे वर मजकुरात का नाही घेतलंस?"

"ते तिचं होतं सर. माझ्या वाक्यात घातलं असतं तर माझं वाटलं असतं."

"हां," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसला. "नळाच्या भांडणात कोण आहे?"

"शांताबाई. त्या आता सगळ्यांचं झाल्यावर शेवटी पाणी भरतात."

"आणि कोंबडीच्या?"

"यमुनाबाई. कोंबडी विकली."

"व्यवहारे सर, या टीपा काढल्या तर ते शेवटचं वाक्य नुसतं हवेत लटकेल. सुभाषित होईल. त्या आहेत म्हणून ते उभं आहे. माझ्या पीएच.डी.च्या मुलांना हे समजावता समजावता माझे केस गेले." आणि ते सहज मागे मागे पानं उलटत प्रस्तावनेपर्यंत आले. मी डोळे मिटून घेतले.

"गोठा?" मुजावर सर म्हणाले.

त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं.

"तुमच्याकडे गोठा आहे?"

"नाही सर," द्वारका म्हणाली. "तेच मला कळलं नाही."

मुजावर सरांनी ती टीप शेवटपर्यंत वाचली. मग परिपत्रकाखाली अध्यक्ष म्हणून कोणाची सही आहे हे, दाराकडे तोंड करून बसल्यामुळे, त्यांना समोरच दिसलं. ते त्याही दारावर चिकटवलेलं होतंच. त्यांच्या खांद्यांना हलका हादरा बसला आणि त्यांनी रुमाल काढून तोंडाला लावला. व्यवहारे सरांचे कान लाल झाले होते.

"मला आणखी प्रश्न नाहीत," मुजावर सर रुमालातून म्हणाले.

द्वारकाला त्यांनी वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले. व्यवहारे सरांनी आपली सही केली. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. मुजावर सरांना एसटीत बसवून मी परत आले तर शिपाई निरोप घेऊन उभा. सरांनी केबिनमध्ये बोलावलंय.

सरांनी मला बसा म्हटलं. चहा मागवला. आवाज नेहमीसारखा झाला होता, जवळजवळ प्रेमळ.

"मॅडम, हे आता बाहेर जाणार. मुजावर तिकडे जाऊन सांगणार. उद्या प्राचार्य मला विचारतील. तुम्ही असं करा. प्राचार्यांना भेटून सांगा की परिपत्रक टाइप करायचं काम तुमच्याकडे होतं आणि नमुना म्हणून घेतलेला मजकूर चुकून राहून गेला. दोन ओळींचं माफीपत्र द्या. तुम्हाला कुणी काही बोलणार नाही, नवीन आहात. जूनची तुमची ऑर्डर मी बघतो. विषय इथेच मिटेल."

चहा आला. मी कप उचलला. 'बरं सर' हे दोन शब्द माझ्या तोंडात तयार होते. ते नेहमीच तयार असायचे. लग्नाआधी माहेरी होते, लग्नानंतर सासरी होते, कॉलेजात तर रोज होते. मी चहाचा घोट घेतला आणि मला यमुनाबाईंची कोंबडी आठवली. मग वळसा घालून विहिरीला जाणारी ती बाई आठवली, जिचं मी तोंडही पाहिलेलं नव्हतं. त्या घोटाबरोबर ते दोन शब्द खाली उतरायला लागले आणि मला एकदम ठसका लागला. चहा नाकात गेला. सर घाबरून पाण्याचा ग्लास पुढे करायला लागले.

डोळे पुसून मी म्हणाले, "सर, परिपत्रक मी टाइप केलेलं नाही."

"ते मला माहीत आहे हो. पण..."

"आणि मी तसं सांगणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता 'आपण' येणार. ते आलं नाही. पेपरवेट फिरत राहिला. मी चहा पूर्ण प्यायले आणि मग नमस्कार करून बाहेर आले.

प्राचार्यांपुढे शेवटी दोष संगणकावर गेला. 'संगणकात काहीतरी मिसळलं' असं ठरलं. संगणक काही बोलत नाही, त्यामुळे ते चाललं. दारांवरची परिपत्रकं एका दुपारी निघाली. गोंदाचे डाग राहिले.

जूनमध्ये व्यवहारे सरांनी माझी शिफारस केली नाही. प्राचार्यांनी दुसऱ्या कुणी अर्ज न केल्यामुळे मला घेतलं, पण तास निम्मे झाले. द्वारका एम.एस.डब्ल्यू.ला गेली. मामाने आणलेला मुलगा तिने पाहिलाच नाही. नंतर कळलं की त्याचं लग्न दुसऱ्या कुणाशी झालं आणि तिने त्या लग्नाला जाऊन पोटभर जेवण केलं.

व्यवहारे सर माझ्याशी बोलेनासे झाले. विभागात आम्ही दोघंच. नोटिसा शिपायाच्या हाती यायच्या. कधी कधी सर माझ्या समोरच्या खुर्चीवर बसलेले असत आणि शिपायाला सांगत, "मॅडमना सांग, चारचा तास घ्यायचा आहे." शिपाई माझ्याकडे वळायचा. मी म्हणायचे, "सरांना सांग, घेते." तो बिचारा मान इकडून तिकडे वळवून दमायचा.

स्टाफरूममधले सगळे मला समजावत. इतिहासाचे सर म्हणायचे, "अहो मॅडम, जाऊन एकदा सॉरी म्हणा. तुमचं काय जातंय? मिटवून टाका." मराठीच्या मॅडमही तेच म्हणायच्या, फक्त जास्त मायेने. घरी सासूबाईंना मी सगळं सांगितलेलं होतं. त्या मधूनमधून विचारायच्या, "मिटलं का गं?"

"नाही मिटलं."

"बरं," म्हणायच्या आणि भाकरी वाढायच्या. एकदा म्हणाल्या, "असू दे. तुझी तब्येत चांगली राहिलीय."

असं वर्ष गेलं. आणखी काही महिने गेले. मग एका सकाळी मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत असताना व्यवहारे सर आले. शिपायाला त्यांनी बाहेर काढलं. खोलीत मी आणि पलीकडच्या टेबलाशी सामानाची नोंद करत बसलेले क्लार्क सोनटक्के एवढेच उरलो. सर माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. बसले नाहीत.

"कुलथे मॅडम."

"हां सर."

"ते परिपत्रकाचं," ते म्हणाले. मग थांबले. खिडकीबाहेर बघितलं. माझ्या पेपरांच्या गठ्ठ्याची कड सरळ केली. आणि इतक्या हळू आवाजात, की तो राग आहे की काय असं मला क्षणभर वाटलं, म्हणाले, "चूक माझी होती."

सोनटक्क्यांनी मान वर केली. त्यांना एका कानाने जरा कमी ऐकू येई. "काय म्हणालात सर?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली असती तर ते पटकन मिटलं असतं. मी केली नाही.

"सर, मला काही म्हणालात का?" सोनटक्के पुन्हा म्हणाले.

व्यवहारे सर वळले. शेवटच्या बाकापर्यंत पोचावा असा जो आवाज ते वर्गात काढत, तो त्यांनी काढला. "चूक माझी होती, असं मी मॅडमना म्हणालो."

बाहेर व्हरांड्यातून जाणारी पोरं थबकली.

"असं होय," सोनटक्के म्हणाले आणि पुन्हा नोंदीकडे वळले. "मला वाटलं, खडू मागताय."

"खडूही द्या," व्यवहारे सर म्हणाले, आणि समोरची खुर्ची ओढून बसले.